वाडा आणि सोंग

दक्षिण कोरियाच्या उत्तर ग्योंगसांग प्रांतात, आन्दोंग शहराच्या पश्चिमेला, नाकदोंग नदी एका ठिकाणी जवळजवळ पूर्ण वळसा घालून पुढे जाते. त्या वळशाच्या पोटात हाहोए हे गाव आहे. पुंगसान ऱ्यू घराण्याची तिथली वस्ती सुमारे सहाशे वर्षांची. गावाच्या मधल्या किंचित उंचवट्यावर घराण्यातल्या थोरल्या शाखांचे कौलारू वाडे आहेत आणि त्यांच्या भोवतीने, उताराकडे, भाताच्या पेंढ्याने शाकारलेली मातीची घरे. वाड्यांत यांगबान राहत, म्हणजे जोसॉन राजवटीतला (१३९२–१९१०) विद्वान आणि जमीनदार असा दुहेरी मान असलेला वर्ग. पेंढ्याच्या घरांत त्यांची कुळे, गडीमाणसे आणि दास. २०१० मध्ये युनेस्कोने यांगदोंग या दुसऱ्या गावासह हाहोएला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, तेव्हा कौल आणि पेंढा या दोहोंच्या रक्षणाची हमी जगापुढे दिली गेली. मातीची कुंपणे, अरुंद वाटा, नदीकाठची पाइनची राई, सारे काही त्या हमीत आले. तरीही या गावात नेमके काय जपायचे, हा प्रश्न शिल्लक राहतो. माझे म्हणणे असे, की कौल आणि पेंढा यांच्यात शतकानुशतके जो वाद चालत आला, तो या गावाचा सर्वांत मोलाचा ठेवा आहे. आणि आजच्या जपणुकीत सर्वांत कमी जागा त्यालाच मिळते.

या वादातल्या वरच्या बाजूचे मोठेपण आधी मान्य केले पाहिजे, कारण ते खरे आहे. सोळाव्या शतकात हाहोएतले दोन भाऊ नावारूपाला आले. थोरला ऱ्यू उन-रियोंग (१५३९–१६०१), धाकटा ऱ्यू सोंग-रियोंग (१५४२–१६०७). दोघेही ई ह्वांग ऊर्फ थ्वेग्ये (१५०१–१५७०) या तत्त्ववेत्त्याचे शिष्य. कोरियाच्या एक हजार वॉनच्या नोटेवर आज ज्याचा चेहरा आहे, तो हाच थ्वेग्ये. आन्दोंगच्या उत्तरेला दोसान इथे त्याची पाठशाळा होती. थोरल्या भावाच्या शाखेचा वाडा यांगजिनदांग, धाकट्याच्या शाखेचा छुंगह्योदांग. धाकटा राज्याचा मुख्यमंत्री झाला, पण मरताना त्याच्यापाशी मोठे घर नव्हते. छुंगह्योदांग त्याच्या पश्चात नातवाने आणि शिष्यांनी उभारला. गावामागच्या डोंगराच्या पलीकडल्या अंगाला, नदीच्याच काठी, त्याच्या स्मरणार्थ चालवलेले ब्योंगसान सोवॉन आहे. सोवॉन म्हणजे खासगी पाठशाळा आणि गुरुपूजेचे स्थान, दोन्ही एकत्र. तिथला मान्देरू नावाचा चहूबाजूंनी उघडा मजला कोरियन वास्तुकलेतल्या उत्तम कृतींपैकी एक मानला जातो, आणि तो मान रास्त आहे. खालचे खांब झाडाच्या मूळ वाकांसह तसेच उभे केले आहेत, जिन्याच्या पायऱ्या एकाच ओंडक्यात कोरल्या आहेत, आणि वर खांबांच्या चौकटींतून समोरची नदी व डोंगर असे दिसतात की इमारतीने निसर्गाला आपले मुख्य दालन मानले आहे हे न सांगता कळते. संयमाला सौंदर्याचे रूप देणारी ही संस्कृती होती. २०१९ मध्ये दोसान आणि ब्योंगसान यांच्यासह नऊ सोवॉन वारसा यादीत आले, त्यात कुणाला वावगे वाटण्याचे कारण नाही.

मात्र हा संयम ज्यांच्या श्रमावर उभा होता ती माणसे या इमारतींत शोधावी लागतात. ब्योंगसानच्या आवाराबाहेर मातीच्या भिंतीचे एक गोल शौचकूप आहे. गोगलगायीच्या शंखासारखी भिंत आत वळत जाते, त्यामुळे दार नसूनही आडोसा होतो. वर छप्पर नाही. ते राबणाऱ्या नोकरांसाठी होते. सोवॉनमध्ये शिकणाऱ्यांची नावे वह्यांमध्ये आहेत, तिथल्या पूजांचे तपशील आहेत, पण या गोल भिंतीमागच्या माणसांची आठवण सांगायला ती भिंतच उरली आहे. जोसॉन समाजात दास विकता येत, वारसाहक्काने वाटता येत, आणि त्यांची मुलेही दासच होत. खुद्द थ्वेग्येच्या नातवंडांत १५८६ मध्ये झालेल्या वाटणीच्या कागदात साडेतीनशेहून अधिक दासांची विभागणी आहे. गावगाड्याचा विचार करत आलेल्या मराठी वाचकाला हाहोएचा नकाशा ओळखीचा वाटेल, पण बरोबरी करण्याची घाई नको. यातले काही दास मालकाच्या घरापासून दूर स्वतंत्र राहून शेती करत, काहींच्या नावे थोडीफार मालमत्ताही असे. तरी कायद्याने ते दुसऱ्याच्या मालकीचे होते. जातीची उतरंड आणि ही दास्यव्यवस्था यांच्या चौकटी वेगळ्या आहेत. सरकारी दासांपैकी बहुतेकांना १८०१ मध्ये मोकळे केले गेले आणि खासगी दास्य कायद्याने संपायला १८९४ साल उजाडावे लागले. म्हणजे हाहोएच्या वाड्यांची देखणी ओसरी जितकी वर्षे नांदली, त्यांतली बहुतेक वर्षे ती दासांच्या हातांनी झाडली गेली.

वर्गभेदाचे असे पुरावे जगातल्या कुठल्याही जुन्या गावात सापडतील. हाहोए वेगळे ठरते ते तिथल्या सोंगांमुळे. गावच्या रक्षक देवतेला संतुष्ट करण्यासाठी काही वर्षांच्या अंतराने, देवतेचा कौल मिळाला की, पौर्णिमेच्या सुमारास मोठा उत्सव होई आणि त्यात मुखवटे घालून नाट्य केले जाई. त्याचे नाव ब्योलशिन्गुत. खेळणारे गावातले सामान्य लोक. खर्चाला धान्य-पैसा यांगबानांच्या घरांतून येई आणि खेळ त्यांच्याच अंगणांत होई. मुखवटे भूर्जाच्या जवळच्या जातीच्या लाकडात कोरलेले. दंतकथेप्रमाणे हो आडनावाच्या एका तरुणाने देवाज्ञेवरून ते एकांतात घडवले, पण त्याच्यावर प्रेम करणाऱ्या मुलीने डोकावून पाहिल्यामुळे तो शेवटचा मुखवटा अर्धाच सोडून मेला. म्हणून इमे या भोळसट नोकराच्या मुखवट्याला हनुवटी नाही. यांगबान, सोनबी म्हणजे पंडित, भिक्षू आणि खाटीक यांच्या मुखवट्यांत खालचा जबडा वेगळा करून दोरीने बांधलेला असतो. नटाने मान मागे टाकली की यांगबान मोकळा हसतो. मान खाली घातली की तोच चेहरा रागावतो. लाकडाच्या एका तुकड्यात माणसाच्या स्वभावाचे दोन पैलू पकडणारे हे कोरीवकाम पाहिले, की ते करणाऱ्याने वाड्यातली माणसे किती वर्षे, किती जवळून न्याहाळली असतील याची कल्पना येते.

खेळातले प्रसंग धारदार आहेत. खाटीक बैल मारतो आणि त्याचे वृषण पुरुषत्वाचे औषध म्हणून विकायला आणतो. एक म्हातारी विधवा मागावर बसून आपल्या हालांचे गाणे म्हणते. भिक्षू एका तरुणीला पाहून ढळतो. मग यांगबान आणि पंडित त्याच तरुणीवरून भांडू लागतात आणि भांडण कुळाच्या व विद्येच्या बढाईवर येते. एक म्हणतो आपले घराणे इतक्या मोठ्या पदाचे, तर दुसरा त्या पदाच्या नावातला आकडाच दुप्पट करून सांगतो. एक कन्फ्यूशियन परंपरेतल्या चार ग्रंथांचा आणि तीन अभिजात शास्त्रांचा हवाला देतो, तर दुसरा आठ ग्रंथ आणि सहा शास्त्रे वाचल्याचे ठोकून देतो. ही सहा शास्त्रे कोणती, याचे उत्तर छोरेंगी नावाचा यांगबानाचा नोकर देतो: त्याच्या यादीत भिक्षूंचे सूत्र येते, आंधळ्याचा चष्मा येतो, कुमारिकेची पाळी येते आणि शेवटी सालगड्याची वर्षाची मजुरी येते. विद्येचे दोन्ही मानकरी हे शास्त्र म्हणून मान्य करतात. आणि एवढे करून ते खाटकाच्या हातातल्या त्या औषधासाठी पुन्हा भांडतात. इथे लक्षात घ्यायची गोष्ट ही, की टोला कुणा एका दुष्ट मालकावर नाही. यांगबानाचा अधिकार ज्या दोन खांबांवर उभा होता, जन्म आणि विद्या, त्या दोघांवर आहे. सालगड्याच्या मजुरीला शास्त्रांच्या रांगेत बसवणारा नोकर हेच सांगतो, की तुमच्या पोथ्यांइतकेच आमचे वर्षाचे मोल पवित्र आहे. हे वाक्य दरबारात बोलणाऱ्याला शिक्षा झाली असती. हाहोएत ते देवतेच्या उत्सवात, यांगबानाच्याच अंगणात, त्याच्याच धान्यावर बोलले गेले.

आता दुसरी गोष्ट. वरच्या बाजूनेही या गावात आत्मटीका लिहिली गेली, आणि तीही साधीसुधी नाही. १५९२ मध्ये हिदेयोशीच्या जपानी सैन्याने कोरियावर स्वारी केली. १५९८ पर्यंत चाललेल्या या इम्जिन युद्धात देश होरपळला. ऱ्यू सोंग-रियोंग त्या काळात राज्याच्या सर्वोच्च पदावर होता. ई सुन-शिन या नौसेनानीला पुढे आणण्याचे श्रेय त्याला दिले जाते. १५९८ मध्ये राजकारणाने त्याला पदावरून दूर केले, तेव्हा तो हाहोएला परतला आणि नदीपलीकडच्या बुयोंगदे कड्याच्या पायथ्याशी, ओक्योन या लहानशा घरात, त्याने 'चिंगबीरोक' लिहिले. पुढे त्याची जपानमध्येही छापील आवृत्ती निघाली, १६९५ मध्ये. हा ग्रंथ जेत्याचा इतिहास नाही. लेखक सुरुवातीलाच आपल्यावरचा दोष क्षमेपलीकडचा असल्याचे म्हणतो आणि मग राज्य कसे बेसावध राहिले, सेनापतींनी कोणत्या चुका केल्या, राजधानी कशी सोडली, दुष्काळात माणसे कोणत्या थराला गेली, हे सांगत जातो. प्योंगयांगहूनही दरबार पळणार असे दिसताच लोक काठ्या घेऊन रस्त्यात उभे राहिले आणि राज्याचे वेतन खाणाऱ्यांनीच आम्हाला वाऱ्यावर सोडले असा जाब विचारू लागले, हा प्रसंग त्यात आहे. तो प्रसंग टाळणे लेखकाला सहज शक्य होते. त्याने तो लिहिला, आणि जाब विचारणाऱ्यांना गुंड ठरवून विषय संपवला नाही. युद्धकाळात त्याच्याच पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सैन्यव्यवस्थेत यांगबानांपासून दासांपर्यंत सर्वांना घेण्याची कल्पना होती आणि शौर्य दाखवणाऱ्या दासाला मुक्तीचे आश्वासन होते. तो पदावरून गेल्यावर हे बदल मागे पडले. म्हणजे सोंगांचा खेळ आणि 'चिंगबीरोक' या दोन टोकांच्या कृती एकाच वळशात जन्मल्या, आणि दोघींचा प्रश्न एकच आहे: ज्यांना मान मिळतो ते त्या मानाला लायक आहेत काय?

हा प्रश्न आन्दोंगच्या विद्वानांना पुढे किती पचला, याचे उत्तर फारसे सुखद नाही. युद्धापूर्वी, १५९० मध्ये, जपानला गेलेल्या दोन राजदूतांनी परस्परविरुद्ध अहवाल दिले. ह्वांग युन-गिलने युद्ध होणार असे सांगितले, किम सोंग-इलने तशी चिन्हे दिसली नाहीत असे. हा किम सोंग-इल आन्दोंगचाच, थ्वेग्येचाच शिष्य, ऱ्यू सोंग-रियोंगचा गुरुबंधू. 'चिंगबीरोक'प्रमाणे ऱ्यूने त्याला खासगीत विचारले तेव्हा, लोकांत घबराट पसरू नये म्हणून आपण तसे बोललो, असे त्याने सांगितले. या दोघांच्या मृत्यूनंतर, १६२० पासून, त्यांच्या अनुयायांत वाद पेटला तो युद्धातल्या धड्यांवरून नव्हे. थ्वेग्येच्या डाव्या हाताला कुणाची स्मृतिपाटी ठेवायची आणि उजव्या हाताला कुणाची, कारण डावी बाजू मानाची, यावरून तो पेटला. होग्ये सोवॉनच्या या वादात आन्दोंगची घराणी पिढ्यान्‌पिढ्या विभागली गेली, आणि पुन्हा उभारलेल्या सोवॉनमध्ये तडजोडीने पाट्या बसल्या त्या २०२० मध्ये. म्हणजे चारशे वर्षे. यांगबान आणि पंडित यांच्या सोंगी भांडणात गावकऱ्यांनी जे दाखवले होते, त्याला याहून मोठा पुरावा आन्दोंगच्या इतिहासात मला दिसत नाही. सोंगांनी वाड्याला ओळखले होते. वाड्याने सोंगांकडे करमणूक म्हणून पाहिले.

इथेच सर्वांत वजनदार आक्षेप येतो. असे खेळ म्हणजे वाफ जाऊ देणारी झडप, असे पुष्कळ अभ्यासक म्हणतात. काही वर्षांतून एकदा मालकावर हसू द्यायचे, म्हणजे उरलेले दिवस गडी मुकाट राबतो. यांगबान खर्च करत होते तो याच शहाणपणाने. उत्सव संपला की छोरेंगी पुन्हा धनी सांगेल ते काम करू लागे, आणि दास्य संपवले ते १८९४ च्या सुधारणांनी, मुखवट्यांनी नव्हे. यातले प्रत्येक विधान मला मान्य आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष, की म्हणून या टीकेला मोल नाही, मान्य करता येत नाही. खेळाने दास्य संपवले असा माझा दावाच नाही. दावा आहे तो नोंदीचा. आन्दोंगच्या अभ्याससंस्थेत जोसॉन काळातले छपाईचे लाकडी ठसे जमा केलेले आहेत, संख्या ६४,२२६. घराण्यांनी आणि सोवॉनांनी जपलेले, २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेलेले. त्यांत पूर्वजांचे लेखसंग्रह आहेत, तत्त्वचर्चा आहे, वंशगौरव आहे. पेंढ्याखाली राहणाऱ्यांनी लिहिलेले एकही पान त्यांत असण्याची शक्यता नाही. त्यांच्या बाजूने उरले आहेत नऊ मानवी पात्रांचे मुखवटे, सिंहासारख्या एका प्राण्याची जोडी आणि तोंडी चालत आलेले काही संवाद. बारा पात्रांपैकी तीन मुखवटे तर हरवलेच. चौसष्ट हजार ठशांसमोर हे नऊ चेहरे नसते, तर हाहोएच्या बहुसंख्य रहिवाशांना आपल्या मालकांबद्दल काय वाटत होते, हे आपल्याला कधीही कळले नसते. झडप असो वा नसो, त्या झडपेतून बाहेर पडलेले शब्द हा त्यांचा एकमेव लिखित-अलिखित दस्तऐवज आहे.

आणि झडपेचा सिद्धांत आणखी एका जागी अपुरा पडतो. ऐकलेली टीका नेहमी वायाच जाते असे तो गृहीत धरतो. आन्दोंग शहरातला इम्चोंगगाक हा वाडा १५१९ सालचा. त्याचा धनी ई सांग-रियोंग (१८५८–१९३२) जुन्या यांगबान शिक्षणातच वाढला होता. जपानने कोरिया गिळल्यावर, १९११ मध्ये, त्याने कायदा होऊनही घरात उरलेल्या दासांना मोकळे केले, मालमत्ता विकली आणि कुटुंबासह मंचुरियात जाऊन स्वातंत्र्यलढ्याला वाहून घेतले. पुढे निर्वासित सरकारचा तो प्रमुख झाला. जपान्यांनी नंतर लोहमार्ग मुद्दाम त्याच्या अंगणातून नेला आणि वाड्याचा मोठा भाग पाडला. तो मार्ग २०२० अखेर बंद झाला. सोंगे पाहून त्याचे मन बदलले असे मी म्हणत नाही, तसा पुरावा नाही. पण वरच्या वर्गाला स्वतःविरुद्धचा निवाडा ऐकण्याची आणि त्यावर वागण्याची क्षमता होती, एवढे 'चिंगबीरोक'पासून इम्चोंगगाकपर्यंतच्या ओळीतून सिद्ध होते. ती विरळ होती, हेही तितकेच खरे.

आजच्या जपणुकीकडे या कसोटीने पाहिले तर चित्र संमिश्र आहे. ब्योलशिन्गुतचा शेवटचा पूर्ण उत्सव १९२८ मध्ये झाला. मुखवटे १९६४ मध्ये राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित झाले आणि सोलच्या राष्ट्रीय संग्रहालयात गेले. ते आन्दोंगला परतायला २०१७ उजाडले. १९७० च्या दशकात स्थानिक तरुणांनी खेळ पुन्हा उभा केला, १९२८ मध्ये नवरीचे सोंग घेतलेल्या एका वृद्धाच्या आठवणींवर विसंबून. १९८० मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली आणि २०२२ मध्ये कोरियाच्या इतर मुखवटानाट्यांबरोबर युनेस्कोचीही. ज्या तरुणांनी हे केले त्यांचे ऋण मोठे आहे. पण देवतेचा कौल, खेळगड्यांनी पाळायचा एकांतवास, यांगबानाच्या अंगणात उभे राहून यांगबानालाच बोलण्याचा धोका, यांतले काहीच आज त्यात नाही. गावाच्या वेशीजवळच्या बांधीव रंगमंचावर ठरल्या वेळी, प्रवाशांसाठी, संक्षिप्त खेळ होतो. १९९९ मध्ये ब्रिटनची राणी एलिझाबेथ आपल्या त्र्याहत्तराव्या वाढदिवशी हाहोएला आली, तिच्यासाठी मेजवानीचे ताट मांडले गेले, सोंगेही दाखवली गेली. त्यानंतर गर्दी वाढत गेली आणि काही वर्षी ती दहा लाखांवर पोचली. शरद ऋतूत नदीवर होणारा अग्निखेळ तर आता प्रसिद्धच आहे: कड्यावरून राईपर्यंत ताणलेल्या दोरांवरून कोळशाच्या पुड्या ठिणग्या सांडत जळतात आणि पाण्यावर दिवे तरंगतात. मुळात ती नावेत बसून कविता करणाऱ्या यांगबानांची रात्र होती. कोळसा कुटणारे आणि दोर ओढणारे हात नावेतल्यांचे नव्हते, हे पाहणाऱ्याला कुणी सांगत नाही.

देखावा म्हणून पाहण्याची सवय लागली की वास्तूचे काय होते, याचे उदाहरण ताजे आहे. २०२४ च्या अखेरीस एका ऐतिहासिक मालिकेच्या चित्रीकरणात दिवे टांगण्यासाठी ब्योंगसान सोवॉनच्या खांबांना खिळे ठोकले गेले आणि कोरियात संताप उसळला. आपल्याकडेही घरोघरी कोरियन मालिका पाहिल्या जातात. त्यांतले वाडे आणि रेशमी पोशाख मनाला भुरळ घालतात. खिळे ठोकणाऱ्यांनी केलेली चूक त्या भुरळीचीच पुढची पायरी होती. वाडा हा ज्याच्या-त्याच्या गोष्टीला पार्श्वभूमी म्हणून उपलब्ध आहे असे मानले, की त्याची स्वतःची गोष्ट ऐकण्याची गरज उरत नाही. त्यानंतर तीन महिने उलटायच्या आत, मार्च २०२५ मध्ये, उइसोंगमधून उठलेला वणवा आन्दोंगपर्यंत पसरला. उइसोंगमधल्या गोउन्सा या प्राचीन मठाच्या बहुतेक इमारती जळाल्या. हाहोएचे रहिवासी हलवले गेले आणि अग्निशामक दलाने पेंढ्याच्या छपरांवर पाणी मारून गाव वाचवले. दोन डझनांहून अधिक माणसे त्या वणव्यांत मरण पावली. या भागाने याआधी पाणीही सोसले आहे: १९७६ मध्ये पुरे झालेल्या आन्दोंग धरणाखाली कितीतरी वस्त्या गेल्या. १७९२ मध्ये दोसानसमोर ज्या जागी राजाज्ञेने विशेष परीक्षा झाली आणि सुमारे सात हजार उमेदवार जमले, ती स्मारकजागा धरणासाठी दहा मीटर उंच करून आता बेटासारखी पाण्यात उभी आहे. परीक्षेची जागा उचलून ठेवली गेली; बुडालेल्या साध्या घरांपैकी फार थोडी कुणी उचलली. वाचवण्याची वेळ येते तेव्हा क्रम कसा लागतो, हे यावरून समजते.

हाहोएच्या बाजूने एक शेवटचा आक्षेप घेतला जाईल आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. हे गाव उरले तेच मुळी ऱ्यू घराण्याच्या अभिमानामुळे. १९७० च्या दशकात ग्रामसुधारणेच्या सरकारी मोहिमेने देशभर पेंढ्याची छपरे उतरवून पत्रे चढवले आणि कितीतरी गावांची देवस्थाने अंधश्रद्धा म्हणून मोडली, त्या काळात घराण्याची सत्ता आणि प्रतिष्ठा नसती तर हाहोएही कोरियातल्या इतर हजारो खेड्यांसारखे झाले असते. आजही तिथे राहणारी, बहुतांशी वयस्क, माणसे प्रवाशांच्या कॅमेऱ्यांना सहन करत अंगणे झाडतात म्हणून गाव गाव आहे, संग्रहालय झालेले नाही. बाहेरच्याने त्यांना त्यांच्या पूर्वजांच्या दासांची याद का द्यावी? माझे उत्तर असे, की ही याद बाहेरच्याने आणलेली नाही. ती गावाने स्वतःच्या देवतेसमोर, स्वतःच्या तोंडाने सांगितलेली आहे, आणि गावाच्या सर्वांत थोर पुत्राने, पराभवाची जबाबदारी लपवू नये, हे लेखणीने शिकवले आहे. त्या दोन्ही वारशांचा मान राखायचा तर वाड्याच्या पाटीवर केवळ वास्तूचे वर्ष आणि पूर्वजाचे पद लिहून भागणार नाही.

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. आन्दोंगच्या संग्रहालयाने मुखवटे आणि वाटणीचे कागद एकाच दालनात मांडावेत, म्हणजे हसणारा चेहरा आणि जिच्या जोरावर तो हसला ती यादी एकत्र वाचता येईल. त्या कागदांत दासांची नावे आहेत, ती मोठ्या अक्षरांत लिहावीत. वर्षातून एकदा तरी खेळ रंगमंचावरून उतरवून वाड्याच्या अंगणात, घराण्याच्या आजच्या वंशजांसमोर, पूर्ण लांबीने व्हावा. ब्योंगसानला नेणाऱ्या मार्गदर्शकाने मान्देरूइतकाच वेळ त्या गोल भिंतीपाशी द्यावा. आणि जो मराठी वाचक कधी आन्दोंगला जाईल त्याने, भाषा कळत नसली तरी, खेळात छोरेंगी कुठे उभा आहे आणि तो कुणाकडे पाहून बोलतो, याकडे लक्ष ठेवावे.